घरफोडीचा अंदाज, ९९.८ टक्के अचूकता आणि रात्रीची गस्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी शिकागो शहराचा खुला गुन्हे-डेटा घेतला. शहराचे १५० मीटर बाजूचे चौकोन पाडले आणि कोणत्या चौकोनात उद्या घरफोडी होईल हे सांगणारं एलएसटीएम (क्रमाने येणाऱ्या नोंदींवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क) मॉडेल बनवलं. तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या टेस्ट डेटावर अचूकता ९९.८ टक्के आली. आता हे मॉडेल चांगलं म्हणायचं का, त्यावरून गस्त कशी आखायची, आणि हेच आपल्या शहरातल्या पोलिसांना देता येईल का?

गुन्ह्यांच्या नोंदी आणि गस्तीची आखणी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अचूकतेचा आकडा. शिकागोचं क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर. तुमचा एक चौकोन ०.०२२५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे शहरभर साधारण २६ हजार चौकोन झाले. अलीकडच्या वर्षांत तिथे दिवसाला वीस-तीस घरफोड्या नोंदवल्या जातात. आता असा प्रोग्राम लिहा जो कोणताही चौकोन दिला तरी ‘उद्या इथे काही होणार नाही’ एवढंच सांगतो. त्याची अचूकता ९९.९ टक्के येईल. तुमचं मॉडेल या एका ओळीच्या प्रोग्रामच्याही मागे आहे. याचा अर्थ मॉडेल टाकाऊ आहे असा नाही. ही मोजपट्टी इथे लागूच पडत नाही.

कामाची मोजपट्टी गस्तीच्या बाजूने तयार होते. समजा रात्रभरात पोलिसांना १५० चौकोनांत जाता येतं. म्हणजे शहराच्या ०.६ टक्क्यांहून किंचित कमी जागा. मॉडेलने सुचवलेल्या त्या १५० चौकोनांत त्या काळातल्या १०० पैकी ४ घरफोड्या सापडल्या, तर डोळे मिटून निवडलेल्या चौकोनांपेक्षा ही निवड जवळजवळ ७ पट सरस झाली. घरफोड्यांचा वाटा भागिले जागेचा वाटा, या गुणोत्तराला या क्षेत्रात पीएआय म्हणतात. अहवालात अचूकतेऐवजी हाच आकडा द्या. आणि तो एकाच जागेच्या वाट्यासाठी न देता गस्तीला परवडणाऱ्या दोन-तीन वाट्यांसाठी द्या, कारण जागेचा वाटा वाढवला की हा आकडा आपोआप उतरतो.

इथेच आणखी एक हिशेब करून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो. शहरातला अतिशय वाईट चौकोन घ्या, जिथे वर्षाला १२ घरफोड्या होतात. एखाद्या ठरावीक दिवशी तिथे घरफोडी होण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सर्वांत वाईट जागेबद्दलही ‘आज इथे होईल’ असं म्हटलं तर १०० पैकी ९६-९७ वेळा तुम्ही चुकणार. २०२३ मध्ये ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड शहरासाठी जिओलिटिका कंपनीच्या सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये केलेले २३,६३१ अंदाज तपासले. प्रत्यक्ष नोंदवलेल्या गुन्ह्यांशी जुळलेले अंदाज शंभराहून कमी निघाले, म्हणजे अर्धा टक्काही नाही. बातमी वाचून लोक हादरले. गणित पाहिलं तर इतक्या लहान चौकोनात आणि एका पाळीच्या वेळेत अर्धा-एक टक्का हा आकडा अनपेक्षित नाही. दोष असा की असल्या आकड्याला ‘अंदाज’ म्हणून विकलं गेलं आणि पोलीस अधिकाऱ्यांनीही तो तसाच घेतला. प्रामाणिक वाक्य एवढंच आहे: या काही जागी इतर जागांपेक्षा शक्यता इतक्या पटींनी जास्त आहे. तुमच्या अहवालात ‘भाकीत’ हा शब्द जिथे जिथे असेल तिथे हे वाक्य घालून बघा. बरेच दावे आपोआप जागेवर येतील.

आता तुमच्या कोडकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून दोन गोष्टींची मला धास्ती आहे, कारण शिकागोच्या डेटावर केलेल्या विद्यार्थी-प्रकल्पांत त्या फार दिसतात. पहिली, ट्रेनिंग आणि टेस्टची विभागणी यादृच्छिक केली असेल, तर मॉडेलने पुढच्या महिन्यातल्या नोंदी पाहून मागच्या महिन्याचा अंदाज केला आहे. विभागणी तारखेनेच करा: समजा २०२२ पर्यंतचं शिकायला, २०२३ तपासायला. दुसरी, घटनेनंतर भरले जाणारे रकाने. ‘अटक झाली का’ हा रकाना घटनेच्या दिवशी अस्तित्वातच नसतो. तो मॉडेलला दिला तर उत्तरपत्रिका आधीच हातात दिल्यासारखं होतं. शिवाय शिकागोच्या डेटात नोंदी मागाहून बदलतात, वर्गीकरण बदलतं, आणि ताजे ७ दिवस त्यात नसतात. प्रत्यक्ष गस्तीच्या रात्री तुमच्या हातात जे असेल तेवढ्यावरच मॉडेल चालवून पाहिलं पाहिजे.

मग जागा आणि वेळ. या डेटात नेमका पत्ता नसतो, गोपनीयतेसाठी तो ब्लॉकपुरता दाखवतात आणि नकाशावरचा बिंदू त्याच ब्लॉकमध्ये सरकवलेला असतो. शिकागोचा नेहमीचा ब्लॉक साधारण १०० बाय २०० मीटरचा. म्हणजे १५० मीटरच्या चौकोनांत घटना शेजारच्या चौकोनात पडलेली असू शकते, आणि तुमच्या नकाशावरची बारीक रचना बिंदू सरकवल्याने उमटलेली असू शकते. या डेटासाठी ३०० मीटरचा चौकोन घ्या. नकाशा तितका देखणा दिसणार नाही, पण त्यावर विश्वास ठेवता येईल.

वेळेचं दुखणं याहून मोठं आहे. घर फोडलं तेव्हा मालक घरी नसतो, म्हणूनच तर घर फुटतं. फिर्यादीत वेळ येते ती ‘सकाळी ९ ते संध्याकाळी ६ च्या दरम्यान’ अशी. शिकागोच्या डेटात मात्र एकच वेळ असते, आणि कित्येकदा ती कोणीतरी अंदाजाने भरलेली असते. तासवार आलेख काढलात तर मध्यरात्री आणि दुपारी १२ वाजता उंच सुळके दिसतील. चोर घड्याळ लावून येत नाहीत. फॉर्म भरणाऱ्याने ती वेळ टाकलेली असते. जिथे ‘पासून-पर्यंत’ अशी वेळेची खिडकी मिळते तिथे ती घटना त्या सगळ्या तासांत वाटून टाकायची रीत आहे. ९ तासांची खिडकी असेल तर प्रत्येक तासाला नववा हिस्सा. साधी रीत आहे, १९९० च्या दशकापासून वापरात आहे. रात्रगस्त की दिवसगस्त हा निर्णय तिच्याशिवाय घेऊ नये.

यापुढचं जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याच ‘अटक झाली का’ रकान्याचा एक चांगला उपयोग आहे. गुन्ह्याच्या प्रकारानुसार त्याची टक्केवारी काढा. घरफोडीत फार थोड्या नोंदींपुढे ‘हो’ दिसेल. अमली पदार्थांच्या नोंदींत जवळजवळ प्रत्येकीपुढे ‘हो’ असेल. असं का? घरफोडीची नोंद होते कारण ज्याचं घर फुटलं तो माणूस पोलिसांकडे गेला. अमली पदार्थाची नोंद होते कारण पोलीस कोणापर्यंत तरी गेले, खिसे तपासले आणि काहीतरी सापडलं. पहिल्या नोंदीतून चोर कुठे फिरले ते कळतं. दुसरीतून पोलीस कुठे फिरले ते. मॉडेल दोन्ही नोंदी सारख्याच निष्ठेने शिकतं.

हे प्रत्यक्ष किती बिघडतं ते क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या डेटावर दाखवलं. गस्तीच्या जागा सुचवणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रेडपोल या कंपनीचं प्रसिद्ध झालेलं गणित त्यांनी तिथल्या अमली पदार्थांच्या नोंदींवर चालवून पाहिलं. सर्वेक्षणांवरून केलेल्या अंदाजानुसार अमली पदार्थांचं सेवन शहरभर बऱ्यापैकी पसरलेलं होतं. मॉडेलने मात्र पुन्हा पुन्हा त्याच वस्त्या सुचवल्या जिथे पोलीस आधीपासून जात होते, प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्या. तिथे गस्त वाढली की नोंदी वाढणार, नोंदी वाढल्या की मॉडेल आणखी गस्त सुचवणार. नवा डेटा जितका जास्त मिळेल तितकं ते स्वतःवरच जास्त विश्वास ठेवू लागतं. पुढे २०१८ मध्ये याचं गणितही कोणीतरी स्वच्छ मांडलं: दोन वस्त्यांत गुन्ह्यांचं प्रमाण थोडंच वेगळं असलं, तरी अशा चक्रात सगळी गस्त एकाच वस्तीकडे ओढली जाऊ शकते. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही अमली पदार्थांच्या नोंदी वापरतच नाही. ते म्हणणं नोंदवायला हवं. पण मग हीच शिस्त तुम्हीही पाळायला हवी: जुगार, दारूबंदी, अमली पदार्थ, ‘संशयितरीत्या फिरताना मिळून आला’ या प्रकारच्या नोंदी गस्तीच्या मॉडेलमध्ये अजिबात नकोत. घरगुती हिंसाचारही नको, पण वेगळ्या कारणाने. तो बंद दाराआड होतो आणि रस्त्यावरून गेलेल्या गाडीने थांबत नाही.

कोणतं मॉडेल, हा तुमचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. घरफोडीबद्दल जगभर तपासून पक्कं झालेलं एक ज्ञान आहे: फुटलेलं घर पुन्हा फुटतं, आणि त्याच्या आसपासची घरं पुढचे काही आठवडे जास्त धोक्यात असतात. चोराला गल्ली कळलेली असते, पळायची वाट माहीत असते, शेजारच्या घरांचे दरवाजे त्याच बनावटीचे असतात. काळ जातो तसा हा धोका उतरतो. भूकंपानंतरच्या धक्क्यांचा हिशेब मांडणारं गणित याच आकाराचं आहे. मोठा धक्का बसला की जवळच्या भागात, नजीकच्या काळात लहान धक्क्यांची शक्यता वाढते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री ब्रँटिंगहॅम, गणितज्ञ जॉर्ज मोहलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे गणित घरफोड्यांना लावलं. त्यातूनच प्रेडपोल निघालं, आणि वर आलेली जिओलिटिका म्हणजे याच कंपनीचं २०२१ नंतरचं नाव.

म्हणून माझा सल्ला: आधी एलएसटीएम बाजूला ठेवा. प्रत्येक चौकोनासाठी गेल्या दोन-तीन वर्षांतल्या घरफोड्या मोजा, त्यात गेल्या सहा आठवड्यांतल्या जवळपासच्या घटनांना जास्त वजन द्या, जुन्या घटनांचं वजन हळूहळू उतरवा. पायथनमध्ये पन्नासएक ओळींचं काम आहे. त्याचा पीएआय काढा. मग एक्सजीबूस्ट (डेटावरून शिकणारी आणखी एक पद्धत) किंवा एलएसटीएम त्याच्यापुढे किती जातं ते बघा. बहुतेकदा फरक इतका बारीक निघतो की ठाण्याच्या पातळीवर तो जाणवतही नाही. आणि साध्या पद्धतीचा एक मोठा फायदा असतो. ‘हा चौकोन का आला?’ असं फौजदाराने विचारलं तर उत्तर देता येतं: मागच्या मंगळवारी दोन गल्ल्या सोडून घर फुटलं म्हणून. एलएसटीएमकडे असं सांगण्यासारखं काही नसतं, आणि कारण न सांगता आलेल्या सूचनेवर गस्तीवरचा माणूस दोन आठवडे जातो, तिसऱ्या आठवड्यात जात नाही.

या ज्ञानाचा सर्वांत सुंदर उपयोग ज्या ठिकाणी झाला तिथे संगणकाने अंदाज केलाच नव्हता. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची सरकारी घरांची वसाहत आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. अभ्यासकांनी चोरांशी, फिर्यादींशी, शेजाऱ्यांशी बोलून पाहिलं. दोन गोष्टी दिसल्या. एकदा फुटलेली घरं पुन्हा फुटत होती. आणि घराघरांत नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर होते, ज्यांत रोकड साठून राहायची. मीटर बदलले, फुटलेल्या घराची कुलपं लगेच मजबूत करून दिली, आणि त्या घराभोवतीच्या पाच-सहा कुटुंबांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांश कमी झाल्या. तुमच्या मॉडेलमधून येणारी यादी फक्त गस्तीच्या गाडीकडे पाठवायची, हा निर्णय तुम्ही विचार न करता घेतला आहे. तीच यादी कुलूप दुरुस्तीकडे, रस्त्यावरच्या दिव्यांच्या विभागाकडे किंवा शेजाऱ्यांना भेटणाऱ्या बीट अंमलदाराकडे जाऊ शकते, आणि तिथे तिचा उपयोग बहुधा जास्त होईल.

तरी गस्त हाच विषय आहे, म्हणून त्याबद्दल. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत पोलिसांनी मोठं धाडस केलं. शहराच्या एका भागातल्या १५ बीटपैकी (बीट म्हणजे गस्तीचा एक विभाग) ५ बीटांत नेहमीची गस्त बंद केली आणि गाडी फक्त कॉल आल्यावर पाठवली. ५ बीटांत गस्त दुप्पट-तिप्पट केली, ५ मध्ये होती तशी ठेवली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि लोकांच्या भीतीतही नाही. पुष्कळांनी निष्कर्ष काढला की गस्त निरुपयोगी आहे. मग लॉरेन्स शर्मन आणि डेव्हिड वाइसबर्ड या गुन्हेशास्त्रज्ञांनी मिनिआपोलिसमध्ये वेगळा प्रश्न विचारला. त्या शहरात पोलिसांना येणाऱ्या कॉलपैकी निम्मे साधारण ३ टक्के पत्त्यांवरून येत होते. मग गस्त सगळ्या बीटभर का पसरायची? ११० वाईट ठिकाणं निवडून त्यांतल्या निम्म्या ठिकाणी, चिठ्ठी टाकून, गस्त वाढवली. १९९५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार गुन्ह्यांचे कॉल ६ ते १३ टक्के कमी झाले. त्याच शहराच्या नोंदींवरून ख्रिस्तोफर कोपर यांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट काढली: एका ठिकाणी १०-१५ मिनिटं थांबलं की गाडी गेल्यानंतरही काही काळ परिणाम टिकतो. त्याहून जास्त वेळ थांबून फायदा वाढत नाही. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की अशा ठिकाणची गुन्हेगारी सहसा शेजारच्या गल्लीत सरकत नाही. कित्येकदा शेजारीही थोडी कमी होते.

यावरून तुमच्या यादीची लांबी ठरते, आणि ती मॉडेलने ठरवायची नाही. गाडीची पाळी ८ तासांची. कॉल, बंदोबस्त, ठाण्यावरची कामं वजा जाता रात्री २ तास मोकळे मिळाले तर फार झालं. १५ मिनिटांच्या ८ भेटी. एका जागी रात्रीत दोनदा जायचं तर एका गाडीला ४ चौकोन. ठाण्याच्या ३ गाड्या असतील तर १२. ४० चौकोन रंगवलेला नकाशा दिला की गाड्या सगळीकडून नुसत्या फिरतात, कुठेच थांबत नाहीत, आणि आपण पुन्हा कॅन्सस सिटीत येऊन पोहोचतो. त्या १५ मिनिटांत काय करायचं हेही यादीसोबत लिहून द्या. गाडीतून उतरायचं, वॉचमनशी आणि उशिरापर्यंत उघड्या असलेल्या दुकानदाराशी बोलायचं, बंद दिवे आणि तुटकी कुंपणं टिपून घ्यायची. माणसं अडवून झडती घेण्याचा आकडा मागायचा नाही. चौकोनातला माणूस त्या चौकोनात आहे म्हणून संशयित होत नाही. वरिष्ठांनी ‘चौकोनात जाऊन काय केलं?’ याचं उत्तर आकड्यात मागितलं की खालचा माणूस सर्वांत सोपा आकडा आणून देतो, आणि सर्वांत सोपा आकडा म्हणजे तिथे उभ्या असलेल्या पोरांची नावं. या एका गोष्टीने मी चांगली चाललेली योजना वस्तीच्या मनातून उतरलेली पाहिली आहे, आणि ती पुन्हा बसवणं फार कठीण जातं.

परिणाम झाला की नाही हे ओळखणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. गस्त यशस्वी झाली तर सुचवलेल्या जागी घरफोडी होणार नाही, म्हणजे कागदावर अंदाज चुकलेला दिसेल. मॉडेल बरोबर होतं की गस्त उपयोगी पडली, हे वेगळं करण्याचा एकच स्वच्छ मार्ग मला माहीत आहे. रोज लागणाऱ्यांच्या दुप्पट चौकोन काढायचे, चिठ्ठी टाकून निम्म्यांतच गस्त पाठवायची, उरलेले कोणालाही न सांगता नुसते मोजायचे. शिवाय गाड्यांचा जीपीएस हवाच, नाहीतर गाडी खरंच गेली होती का, इथूनच वाद सुरू होतो.

असे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निकाल संमिश्र आहेत. अमेरिकेत लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये रँड या संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत (अहवाल २०१४) मालमत्तेच्या गुन्ह्यांत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. एक कारण असं की ठरलेली गस्त शेवटपर्यंत ठरल्याप्रमाणे झालीच नाही. २०१५ मध्ये मोहलर आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस आणि इंग्लंडमधल्या केंट परगण्यातले निकाल प्रसिद्ध केले. गुन्हे विश्लेषकाच्या हाती काढलेल्या यादीपेक्षा त्यांचं मॉडेल १.४ ते २.२ पट गुन्हे टिपत होतं, आणि लॉस एंजेलिसमध्ये त्यानुसार केलेल्या गस्तीमुळे गुन्हे सरासरी ७.४ टक्के कमी झाले. लेखकांपैकी काहींचा कंपनीत हिस्सा होता, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. फिलाडेल्फियातल्या अशाच प्रयोगात सुचवलेल्या चौकोनांत पोलिसांच्या रंगातल्या गाड्या ठेवल्या तिथे मालमत्तेचे गुन्हे ३१ टक्के कमी दिसले, पण एकूण घटनाच इतक्या थोड्या होत्या की हा निव्वळ योगायोग नाही असं संख्याशास्त्राने ठामपणे म्हणता आलं नाही. लहान चौकोन, थोडे गुन्हे, छोटा कालावधी. या तीन गोष्टी एकत्र आल्या की कितीही चांगल्या हेतूचा प्रयोग अनिर्णित राहतो. केंटने २०१८ मध्ये प्रेडपोल सोडलं, लॉस एंजेलिसने २०२० मध्ये. प्रेडपोल जिथे पहिल्यांदा वापरलं गेलं त्या सांताक्रूझ शहराने २०२० मध्येच अशा सॉफ्टवेअरवर बंदी घातली. २०२३ च्या अखेरीस कंपनीनेही काम बंद केलं.

जागेऐवजी माणसाचा अंदाज करण्याच्या वाटेला जाऊ नका. तुमच्याच डेटाच्या शहरात, शिकागोत, गोळीबारात सापडण्याची शक्यता असलेल्या माणसांची गुणांकासह यादी २०१३ च्या सुमारास सुरू झाली. ती वाढत वाढत जवळजवळ ४ लाख लोकांपर्यंत गेली. रँडच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं की यादीतल्या लोकांचं गोळीबारातून रक्षण झालं नाही, पण नंतरच्या गोळीबारांत संशयित म्हणून त्यांना अटक होण्याची शक्यता वाढली. ज्यांच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला नाही अशांच्या नुसत्या अटकाही त्यात मोजल्या गेल्या होत्या. २०१९ मध्ये ती योजना बंद झाली. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून केवळ व्यक्तीच्या प्रोफाइलवरून तो गुन्हा करेल असा अंदाज बांधणाऱ्या प्रणालींवर बंदी आणली आहे.

आपल्याकडे हा धोका काल्पनिक नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह कितीतरी समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की आधी पालावर जायची सवय आणि तिच्यातून जमलेल्या नोंदी गेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. त्या जुन्या नोंदी ‘सराईत गुन्हेगारांचे पत्ते’ या रकान्यातून तुमच्या मॉडेलमध्ये आल्या, तर दीडशे वर्षांपूर्वीचा अन्याय संगणकाच्या तोंडून नव्याने बोलेल, आणि तो संगणक बोलतोय म्हणून कोणी प्रश्नही विचारणार नाही. आरोपीचं नाव, जात, पत्ता, राहती वस्ती यांतलं काहीही घेऊ नका, मॉडेलचा आकडा कितीही सुधारत असला तरी.

आता आपल्या शहरातल्या पोलिसांचं. इच्छा आहे, पैसाही येतो आहे. दिल्ली पोलिसांनी इस्रोच्या मदतीने सीमॅप्स ही गुन्हे नकाशावर मांडणारी प्रणाली उभी केली. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी एआयचं काम करायला नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. अडचण डेटाची आहे. एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) वार्षिक आकडे जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या पातळीचे असतात आणि एका घटनेतल्या अनेक कलमांपैकी सर्वांत गंभीर तेवढंच मोजतात. गस्तीसाठी ते उपयोगाचे नाहीत. सीसीटीएनएसमधल्या (देशभरची पोलीस ठाणी जोडणाऱ्या संगणक-प्रणालीतल्या) एफआयआरमध्ये पत्ता ‘मारुती मंदिराच्या मागे, चाळ नंबर ३’ असा असतो. हा पत्ता नकाशाच्या सॉफ्टवेअरला दिला की ते गोंधळून बिंदू पिनकोडच्या मध्यावर टाकतं. शंभर पत्ते तसे पडले की पिनकोडच्या मध्यावर असलेल्या एखाद्या निरपराध गल्लीत शहरातला सर्वांत लाल ठिपका उमटतो. झोपडपट्ट्यांच्या बाबतीत हे सर्वांत जास्त घडतं, कारण गल्ल्यांना नावंच नसतात. त्यातून एफआयआर नोंदवण्यात होणारी टाळाटाळ वेगळी. दखलपात्र गुन्ह्याची नोंद केलीच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं, तरी मोबाइल चोरीला गेला तर ‘हरवला’ असा दाखला घेऊन परत येणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. जे ठाणं प्रामाणिकपणे नोंद करतं तेच मॉडेलला वाईट दिसतं.

म्हणून सुरुवात घरफोडीने न करता वाहनचोरीने करा. गाडी गेली तर माणूस एफआयआरसाठी पाठ सोडत नाही. विम्याला तो लागतो, आणि गाडी कुठल्या गुन्ह्यात वापरली गेली तर अंगाशी येईल ही भीती असते. गाडी कुठे लावली होती हे मालकाला नेमकं ठाऊक असतं. ठाण्याकडे मागताना फक्त चार रकाने मागा: गाडी लावल्याची वेळ, गाडी दिसली नाही ती वेळ, अक्षांश-रेखांश आणि वाहनाचा प्रकार. अक्षांश-रेखांश नसतील तर बीट अंमलदारासोबत बसून एकेक पत्ता नकाशावर हाताने टाका. कंटाळवाणं आहे, पण एका ठाण्याच्या हद्दीतल्या वर्षभराच्या नोंदी दोन माणसं आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतात, आणि त्या बसण्यात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही मॉडेलमधून कळणार नाही. रेल्वे स्टेशनबाहेरचं कुठलं पार्किंग अंधारात आहे, कोणत्या रुग्णालयासमोर नातेवाइकांच्या गाड्या रात्रभर उघड्यावर असतात, हे त्यांना पाठ असतं.

मग त्याच ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकातल्या जुन्या हवालदाराला विचारून त्यांचे १२ चौकोन लिहून घ्या. तुमचे १२ वेगळे काढा. तीन महिने दोन्ही याद्या पाकिटात बंद ठेवून नुसत्या मोजा, गस्त कुठल्याच यादीवर पाठवू नका. हवालदारांची यादी सरस ठरली तर तीच वापरायची शिफारस करा. प्रकल्प म्हणून तो उत्तम निष्कर्ष आहे. तुमची सरस ठरली, तरच पुढे चिठ्ठ्या टाकून गस्तीचा प्रयोग करा.

आणि यादी हातात देण्याआधी ठाण्याच्या प्रमुखांकडून एक गोष्ट लेखी घ्या: या यादीच्या आधारे कोणावरही प्रतिबंधात्मक कारवाई किंवा झडती होणार नाही, आणि चौकोनांत अडवलेल्या माणसांचा आकडा कुठल्याही आढावा बैठकीत मागितला जाणार नाही. ते लेखी मिळत नसेल तर यादी देऊ नका. तुमचा प्रकल्प शिकागोच्या डेटावर, ३०० मीटरच्या चौकोनांत, तारखेने केलेल्या विभागणीवर आणि पीएआयच्या आकड्यांवर व्यवस्थित पूर्ण होतो.